सीताफळाची वाईन आणि काकूंची आडवी बाटली

अंबड,
२२ जानेवारी

प्रिय दत्ता,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. फोनवर आपण 'बरं आहे' म्हणतो आणि ठेवतो. तर, बीपी आटोक्यात आहे, आईचे गुडघे तसेच. आता खरं सांगतो.

परवा जालन्याला कृषी प्रदर्शनात ठिबकच्या नळ्या बघायला गेलो होतो. ट्रॅक्टरांच्या पलीकडे धारूरकडचं एक तरुण जोडपं बाटल्या मांडून बसलेलं. सीताफळाची वाईन, जांभळाची वाईन आणि जांभळाचीच एक गोड, पोर्टसारखी. मी पुढे निघालोच होतो, तेवढ्यात तिनं सीताफळाच्या बाटलीचं बूच काढलं. दत्ता, तो वास! आपल्या बरडावरची सीताफळं गवतात पिकत घालायचो, डोळे उघडले का म्हणून बाळ्या तासातासाला बघायचा, तोच वास.

मी घोटभर घेतली. बाळ्या गेल्यावर पुलावर आपण जे ठरवलं, ते बावीस वर्षं मोडलं नव्हतं. घरी कुणाला बोललो नाही. आधी तुला सांगतोय.

पोरगी जाणकार आहे. पिकलेलं सीताफळ दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही, गर हवेनं काळा पडतो, तापवला तर कडवट होतो, म्हणून जामही धड जमत नाही. थंडाव्यात यीस्ट घालून आंबवलं की वास राहतो. पोर्टचं तिनं नीट समजावलं: आंबणं अर्ध्यावर असतानाच फळांपासून काढलेलं स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते, म्हणून ती गोड. साध्या वाईनमध्ये अल्कोहोल साधारण बारा टक्के, हिच्यात वीसच्या आसपास जातं. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातल्या द्राक्षांची, म्हणून ती 'पोर्टसारखी' एवढंच म्हणते. मला हे आवडलं.

मी मोसंबीचं विचारलं. तिथंच माझा घोळ सुरू झाला. ती म्हणाली, मोसंबीचा रस ठेवला की बिया आणि पांढऱ्या सालीमुळे कडू होतो, साखरही कमी, वरून घालावी लागेल. तरी सोलून-बिया काढून बघू, मृगाचा माल निघाला की दोन क्विंटल पाठवा. डागी, लहान माल चालेल. डागी माल! २०१२ च्या दुष्काळात टँकर घालूनही बाग जळाली, ते तू पाहिलंस. पुन्हा लावली. २०१६ ला जालन्याच्या मोसंबीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण व्यापारी अजून डाग दाखवूनच भाव पाडतो, आणि फळगळीचा सडा आम्ही बांधावर ओततो. त्या सड्याला कुणीतरी पैसे देईल, या विचारानं रात्री झोप नाही.

आणि झोप नाही ती काकूंमुळेही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांत वाईन ठेवायचा निर्णय झाला, तेव्हा आपण भांडलो होतो. मी म्हणालो शेतकऱ्याचा माल खपेल, तू म्हणालास दारू ती दारूच, आणि फोन आपटलास. तीन महिने बोलला नाहीस. तेव्हा तुझा राग मला पोरकट वाटला होता. आता तुझं म्हणणं माझ्याच डोक्यात घुमतंय. गावच्या दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान झालं तेव्हा एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागत होती, आणि काकू ताप अंगावर घेऊन दारोदार फिरल्या. दुकानबंदीच्या मताची खूण म्हणून तू भिंतीवर काढलेली आडवी बाटली दुधी भोपळ्यासारखी झाली होती, आठवतं? शांतामावशी म्हणाली, "भोपळ्याला मत द्यायचं का रं?" त्या दिवशी काकू बाळ्यानंतर पहिल्यांदा हसल्या. त्यांच्या ओट्यासमोरून मी मोसंबीची क्रेट दारू करायला कशी नेऊ?

बायको म्हणते विष वेगळं, वाईन वेगळी. बाळ्यानं प्यायलेलं विषच होतं, खरं आहे. पण सुरुवात त्यानंही गोडानंच केली होती, हे तुला-मला माहीत आहे.

रश्मीच्या नीटचं काय झालं? घराचे हप्ते सुरू झाले का? वहिनींना नमस्कार.

काकू सध्या तुझ्याकडेच आहेत, तर हे सगळं त्यांना वाचून दाखव, काही गाळू नकोस. समोर उभं राहून मला विचारवणार नाही. त्या नको म्हणाल्या तर दोन क्विंटल नेहमीच्या व्यापाऱ्याला जातील, मी पुन्हा विषय काढणार नाही.

एक बाटली विकत आणलीय. ज्वारीच्या कोठीमागे ठेवलीय, उघडलेली नाही. शिवरात्रीला ये.

तुझा,
विनू