रात्री निघू नकोस

सातारा,
रविवार

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

नव्या गाडीचा फोटो पाहिला, फार आनंद झाला. पण त्याखाली तू लिहिलंयस, "शुक्रवारी रात्री जेवून निघतो, उजाडायच्या आत सांगलीत." ते वाचल्यापासून जिवाला घोर लागलाय. फोनवर "बघू रे" म्हणून विषय बदलशील, म्हणून सविस्तर लिहितोय.

पुण्याच्या गर्दीत तू सहज गाडी चालवतोस, हे मी पाहिलंय. पण गर्दीतला धोका डोळ्यांसमोर असतो. इथे रात्री रस्ता मोकळा वाटतो, पाय आपोआप दाबला जातो, आणि घात तिथेच होतो. सध्या कारखाने चालू आहेत. उंब्रज, कऱ्हाड, कासेगाव, पेठ नाका या सगळ्या पट्ट्यात रात्रभर ऊस वाहतूक असते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्याही वरपर्यंत रचलेल्या. परवा कऱ्हाडहून येताना अशाच एका ट्रॉलीमागे मी मुद्दाम हळू राहिलो आणि नीट पाहिलं. मागचा दिवा लोंबणाऱ्या उसाआड गेलेला, रिफ्लेक्टरच्या पट्टीवर फडातला चिखल वाळून बसलेला. कुणीतरी डाव्या कोपऱ्याला पांढरं पोतं बांधलं होतं, तेवढंच काय ते दिसत होतं. पुढे टेपवर गाणी एवढ्या जोरात की हॉर्न दिला तरी ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही. त्या पोरांचाही राग येत नाही रे, खेपांवर खेपा करून तीही झोपेला आलेली असतात. पण दिवा आणि रिफ्लेक्टर तपासल्याशिवाय ट्रॉली फडातून बाहेर काढू देऊच नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता हिशेब कर. तू ताशी 90 ने येतोयस, ट्रॉली 20 ने चाललीय. म्हणजे दर सेकंदाला तू तिच्याजवळ साधारण 20 मीटर सरकतोस. डिपरवर, म्हणजे हेडलाइटचा झोत खाली असताना, ती अंधारातली ट्रॉली पन्नासेक मीटरवर दिसली, तर हातात अडीच सेकंद उरतात. त्यातलं एक-दीड सेकंद "हे काय आहे" हे कळण्यातच जातं. ब्रेक कितीही चांगले असोत, उरलेल्या वेळात ते काय करणार? आणि ट्रॉली चालती असेल तर ही गत, बंद पडून उभी असेल तर विचारूच नकोस.

आणखी एक. ट्रक बंद पडला की चाकांना आणि मागे रस्त्यावर दगड लावतात. दुरुस्ती झाली की ट्रक निघून जातो, दगड तिथेच राहतात. पुढची गाडी अचानक लेन बदलते तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं. म्हणून तिच्या मागे चिकटून राहू नकोस. शिवाय हॉटेलांच्या आसपास उलट्या दिशेने, बिनदिव्याच्या मोटरसायकली येतात. कृष्णेच्या काठाला पहाटे धुकं दाटतं ते वेगळंच. धुक्यात चारही इंडिकेटर लावून गाडी पळवणारे दिसतील, तू तसं करू नकोस. मग वळताना तुझा इंडिकेटर मागच्याला कळणार कसा?

गाडी कुठे बंद पडलीच तर डावीकडे पार कडेला घे, त्रिकोण मागे निदान 50 मीटरवर ठेव आणि वहिनी-मुलांना गाडीत बसवून ठेवू नकोस. रेलिंगपलीकडे, रस्त्यापासून लांब उभं कर. महामार्गाच्या मदतीसाठी 1033 आणि इतर वेळी 112, दोन्ही नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेव.

पण खरं तर रात्री निघूच नकोस. तू एकटा असतास तरी हेच सांगितलं असतं. आता तर मागच्या सीटवर दोन लेकरं झोपलेली असणार. शुक्रवारी घरी नीट झोप, शनिवारी सकाळी सात वाजता निघ. नाश्त्याला आमच्याकडे या, हिने थालीपीठ ठरवूनच टाकलंय. इथून निघेपर्यंत पुढचं धुकं विरलेलं असेल, उजेडात पेठ नाका पार होईल आणि दुपारचं जेवण सांगलीत काकूंच्या हातचं. काकूंना मी फोन करून तसं सांगून ठेवतो, म्हणजे त्याही रात्रभर जागणार नाहीत. परतीलाही रविवारी दुपारीच निघ.

वाढे फाट्याला आलास की फोन कर, मी घ्यायला येतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास