इथून पुढचं एकट्यानं वाच

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१८ जानेवारी १९७२

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र परवा मिळालं. माणसं हार घेऊन येतात, भाषणं करून जातात आणि मग दिवसभर छताकडं बघत पडायचं, असं लिहिलंस. डोळ्यांवर पट्टी असलेला शेजारच्या खाटेवरचा पोरगा रोज विचारतो म्हणे, कोल्हापूरचं पत्र आलं का? तर हे त्याच्यासाठी. वॉर्डात मोठ्यानं वाच.

गुऱ्हाळं जोरात आहेत. परवा प्रयाग चिखलीच्या बाजूला गेलो, तर लांबूनच वास आला. भेंडीचं पाणी टाकल्यावर मळी वर आली, ती काढली, रस तांबूस होत गेला. गुळव्यानं चिमूटभर पाक पाण्यात टाकला, बोटानं गोळी वळून बघितली आणि हाक दिली. चौघांनी काहील उचलून वाफ्यात ओतली. गरम गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तुझी आठवण आली.

१६ डिसेंबरला रेडिओवर ढाक्याची बातमी लागली तेव्हा आम्ही तालमीतच होतो. वस्तादांनी हौदातली माती कपाळाला लावली आणि पहिलं तुझं नाव काढलं.

इथून पुढचं मात्र एकट्यानं वाच.

पायाला नुसतं लागलंय, एवढंच आईला सांग, असं तू बजावलं होतंस. तीन पत्रं मी गाळून वाचली. चौथं वाचताना ती माझ्या तोंडाकडं बघत बसली, आणि मला जमलं नाही. पाय गुडघ्याखाली काढलाय, हे सांगून टाकलं. तुला विचारलं नाही, माफ कर. पण तिला फसवणं आता माझ्यानं होणार नाही.

खूप रडली. दिवेलागणीला उठली, फळीवरच्या तुझ्या करकर वाजणाऱ्या चपला काढल्या आणि तेल लावायला बसली. दोन्हींना. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाली, "लाकडाचा पाय बसवला तरी चप्पल लागंलच की."

पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, महायुद्धातल्या जखमी जवानांपासून हेच काम करतंय, हे तिला सांगितलंय. तिला आता खरं लिही. जखम कुठवर भरली, रात्री ठणकतं का, मोजमाप कधी घेणार. एक शब्द न गाळता वाचून दाखवीन.

शनिवारी एसटीनं तिला घेऊन निघतोय. काकवीची बरणी आणि वॉर्डाला पुरेल एवढा तिळगूळ बांधलाय. चपलांची पिशवी ती माझ्याकडं द्यायला तयार नाही.

तुझाच,
बाळू