लिव्होर्नोत उतरता, मग लिव्होर्नोही बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भूमध्य समुद्रातल्या क्रूझला हल्ली आपली बरीच मराठी मंडळी जातात, पण इटलीत लिव्होर्नोला जहाज लागलं की सगळे उतरून थेट एसी बसमध्ये, दीडेक तास फ्लॉरेन्स, तिथे पळापळ, परत तेवढाच प्रवास, आणि जहाज दिवसभर ज्या गावात उभं ते गाव बघायचं राहूनच जातं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आम्ही टूर न घेता गेलो. बंदरातून पायी जाऊ देत नाहीत, शटल बसने गावात यायचं, तिथून सिटी बसने स्टेशन, आणि ट्रेनने पिसा फक्त पंधरा-वीस मिनिटं (कागदी तिकिटावर चढण्याआधी मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड). मनोरा बघाच. ११७३ साली काम सुरू झालं, खालची माती मऊ म्हणून बांधतानाच कलला, १९९० ला बंद करून उत्तरेकडची माती थोडी थोडी काढत सावरला आणि २००१ मध्ये परत उघडला.

पण दुपारी लिव्होर्नोत परत याच. मार्केटजवळ पावात घालून तोर्ता दि चेची मिळतं, म्हणजे चण्याच्या पिठाचं, आपल्या जाड धिरड्यासारखं, वर मिरपूड, शाकाहारी माणसाची मोठीच सोय. मग कालव्यांच्या काठाने व्हेनेझिया नुओवा भागात फिरा. आणि बंदराजवळचा क्वात्रो मोरी पुतळा चुकवू नका. वर संगमरवरी ग्रँड ड्यूक (इथला तेव्हाचा राज्यकर्ता) फर्दिनांदो पहिला आणि त्याच्या पायाशी साखळदंडाने बांधलेले चार ब्राँझचे कैदी, हात मागे, पाठी वाकलेल्या, एकाने मान वर करून बघितलंय ते तर बघवत नाही. याच फर्दिनांदोने १५९० च्या दशकात ज्यू, ग्रीक, आर्मेनियन, सगळ्या व्यापाऱ्यांना इथे धर्म पाळायची मोकळीक दिली, ज्यूंना वेगळ्या वस्तीत कोंडलं नाही, आणि त्याच बंदरात पकडून आणलेले गुलामही राबत होते. गाईडने हे सांगायलाच हवं, पण गाईड तेव्हा फ्लॉरेन्सला असतो!

एक मात्र सांभाळा, स्वतःच्या जिवावर गेलात तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, तास-दीड तास हाताशी ठेवूनच परत फिरा. तुमच्या पर्यटन पुरवणीत अशा बंदरांच्या गावांची माहिती, बस-ट्रेनच्या वेळांसकट, छापाल का? ज्येष्ठ नागरिकांना फार उपयोग होईल.

आपली एक वाचक, पुणे