आईच्या गुडघ्याच्या डॉक्टरांना

डॉक्टर, नमस्कार. तुम्हाला आठवेल की नाही माहीत नाही, तासगावची आई आणि तिच्यामागं फाईल धरून उभी असलेली मी. काल आई काठीशिवाय गिरणीपर्यंत जाऊन आली आणि दारातच म्हणाली, "त्या मिरजेच्या डॉक्टरांना कळव." म्हणून लिहितेय.

तुमच्याआधी आम्ही एका लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो होतो, नाव घेत नाही. तिथल्या साहेबांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला, आईकडं मान वर करून बघितलंसुद्धा नाही, "वंगण संपलंय, दोन्ही बदलायचे, उशीर केला तर व्हीलचेअर" एवढं बोलून आम्हाला पॅकेजवाल्या पोराकडं पाठवलं, आणि तो म्हणतोय महिनाअखेरपर्यंत ठरवलं तर सवलत. गुडघा आहे का साडीचा सेल? (2017 च्या ऑगस्टपासून सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातलीय हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं.) आई दोन दिवस नीट जेवली नाही. इकडं चुलतीचं उलटंच, अजिबात करू नको, फलाणी आडवी झाली ती उठलीच नाही. आणि आईला बीपी असूनही मेडिकलवाला तिला चिठ्ठीशिवाय दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं देत होता, त्यानं किडनीला त्रास होऊ शकतो हे कुणी बोललंच नाही.

तुम्ही फोटो बघितलात आणि त्याच्यामागचा दिवा बंद केलात. खट्. मग खुर्ची आईकडं फिरवून विचारलंत, "मावशी, गुडघ्यामुळं काय काय सुटलं?" आई आधी गप्प, मग जे सांगायला लागली ते एका घरात राहून मला माहीत नव्हतं. भजनाला जाणं सोडलं कारण उठताना दोघींनी हात द्यावा लागतो आणि बायका हसतात. बाजार अजून करते. रात्री झोप लागते. तुम्ही सगळं ऐकलंत, बाहेर एवढी गर्दी असताना. तो खट् आवाज माझ्या अजून कानात आहे, कारण तोवर सगळे त्या फोटोशीच बोलत होते.

आणि म्हणालात, "आत्ता नको." झीज बरीच आहे, पण फोटोत तेवढीच झीज असलेला एखादा आरामात फिरतो आणि दुसऱ्याला जिना चढवत नाही, ऑपरेशन नुसत्या फोटोवर ठरत नाही. आधी वजन आणि मांडीचा व्यायाम. ऑपरेशन करणाराच नको म्हणतोय, मी चाटच पडले!

आईनं गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबून दहा आकडे मोजायचा व्यायाम टीव्हीपुढं बसून केला, 78 ची 72 किलो झाली, वर्ष बरं गेलं. मग मात्र रात्री दोनला उठून गुडघा चोळत बसायला लागली, पाय धनुकलीसारखा वाकला, संडासला जाताना भिंत धरायची. यावेळी तीच म्हणाली, आता जाऊया. तुम्हीपण म्हणालात, आता वेळ झाली, पण उजवा एकच. खाली मांडी घालून बसणं विसरायचं आणि पाचातल्या एखाद्याला ऑपरेशननंतरही मनासारखं समाधान मिळत नाही, हेही आधीच सांगितलंत. त्यामुळं नंतरचे दीड महिने ती व्यायामाला रडली, पण फसवलं म्हणून नाही.

आमच्या एसटीला एक कंडक्टर आहेत, म्हातारं माणूस सीटवर बसेपर्यंत घंटी मारत नाहीत, मागून लोक कितीही ओरडू देत. तुम्ही त्यातले. अशा माणसांचे पेपरात फोटो येत नाहीत, पण गावं त्यांच्यावर चालतात असं मला वाटतं.

भजनाला आता ती खुर्ची घेऊन बसते, हसल्या तर हसू देत म्हणते. डाव्या गुडघ्याचं विचारलं तर सांगते, "तो अजून झोपू देतोय, तूर्त राहू दे." पुढच्या तपासणीला घरचे बेदाणे आणणार आहे, नको म्हणू नका, ती ऐकणार नाही.