एमडीच्या विळख्यातील तरुण

संपादक महोदय,

पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या कारखान्यावर २०२४ साली पडलेल्या छाप्यानंतर मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या, म्हणजेच एमडीच्या, साठ्याची चर्चा भरपूर झाली. परंतु ते घेणारा तरुण त्यात का अडकतो, हा प्रश्न मागेच राहिला. हा पदार्थ मेंदूत डोपामाइन या सुखाची भावना देणाऱ्या रसायनाचा लोंढा आणतो, त्याचा अंमल काही तासांतच ओसरतो आणि मागे उरलेली उदासी पुन्हा मात्रा घ्यायला भाग पाडते. सुरुवात मात्र अनेकदा कुतूहलाने, मित्रांच्या आग्रहाने किंवा शीण घालवण्यासाठी होते. अशा मुलाला नालायक ठरवणे मला अन्यायाचे वाटते. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते, ही माहिती महाविद्यालयांनी पालकांपर्यंत तातडीने पोहोचवावी.

– एक वाचक, पुणे