घरी परतलेल्या पक्षाघातग्रस्तांकडे लक्ष द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्ताच्या गुठळीमुळे पक्षाघात झाला असल्यास लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, सीटी स्कॅन करून, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळाले तर बरेच वाचू शकते, ही माहिती आता खेड्यांपर्यंत पोहोचू लागली आहे; परंतु सुट्टी झाल्यावर रुग्णाला घरी कसे सांभाळायचे, हे कुटुंबाला क्वचितच कोणी समजावून सांगते. माझ्या वडिलांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. त्यांना घरी आणताना आमच्या हाती केवळ गोळ्यांची चिठ्ठी होती. लुळ्या हाताला धरून उठवल्यास खांदा निखळू शकतो, ठसका लागत असेल तर ताठ बसवूनच घास भरवावा, दर दोन तासांनी कूस बदलावी, हे आई पुढे विचारत विचारत शिकली.

सुरुवातीचे तीन ते सहा महिने सुधारणेसाठी सर्वांत मोलाचे असतात. आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, नेमकी त्याच वेळी कापूस वेचणी असली तर व्यायामासाठी शहरात नेणे म्हणजे गाडीभाडे आणि सोबत्याची बुडालेली मजुरी असा दुहेरी भार पडतो, आणि मग व्यायाम सुटतो.

म्हणून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून किमान एक दिवस फिजिओथेरपिस्ट उपलब्ध असावा, आशाताईंना या शुश्रूषेचे प्रशिक्षण व त्याचा स्वतंत्र मोबदला मिळावा आणि सुट्टी देण्यापूर्वी घरच्यांकडून ही कामे प्रत्यक्ष करवून घेतली जावीत, अशी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, जि. यवतमाळ