हेडसेट उलटा घालून बघा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हेडसेटमधून आवाज का येत नाही, हे सगळं फोनवरच सांगणार होते, पण परवाचा प्रकार अजून ताजा आहे. बाबांच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात माऊस, आई मागून म्हणतेय "अहो, तो भोंगा दाबा की", आणि मी इकडे बंगळुरात ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ओरडतेय. शेवटी मी जरा जास्तच बोलले. बाबा "बरं, ठेवतो" म्हणाले आणि खरंच ठेवला. म्हणून आता मोठ्या अक्षरात लिहून पाठवतेय. कीबोर्डखाली ठेवा. बाबा पंचिंग करून फाईलला लावतील ते मला माहीत आहे, पण निदान फाईल कॉम्प्युटरच्या खोलीत असू द्या.

पहिली गोष्ट, कॉम्प्युटर बिघडलेला नाही आणि तुमच्या हातून काही चुकलेलंही नाही. तो दुरुस्तीवाला "साऊंड कार्ड गेलंय" म्हणाला ना, ते मला तेव्हाच पटलं नव्हतं. आपला हेडसेट यूएसबीचा आहे. गोल पिनेचा जुना हेडफोन कॉम्प्युटरच्या साऊंड कार्डावर चालायचा. यूएसबीवाल्याच्या पोटात त्याचं स्वतःचं छोटं साऊंड कार्ड असतं. कॉम्प्युटरचं कार्ड उद्या खरंच जळालं तरी हा वाजेल. तेव्हा त्या माणसाला नव्या कार्डाचे पैसे देऊ नका. दिले असतील तर मला सांगू नका.

पण त्यातूनच एक घोळ होतो. हेडसेटचं स्वतःचं कार्ड असल्यामुळे कॉम्प्युटरच्या लेखी तो एक वेगळा पाहुणा असतो. तुमच्याकडे आवाज बाहेर पडायला तीन वाटा आहेत: टेबलावरचे स्पीकर, हेडसेट आणि मॉनिटर. तिसरीच खरी चोर आहे. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडलाय, त्या केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो, म्हणून यादीत मॉनिटरचंही नाव येतं. आपल्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत! लाईट गेली, कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला, हेडसेट काढून परत लावला, की कधी कधी आवाज तिकडे वळतो आणि तिथेच बसून राहतो. मिरजेला जायचं आणि चुकून इस्लामपूरच्या गाडीत बसायचं, तसं. गाडी व्यवस्थित चालू आहे, तिकीटही काढलंय, फक्त मिरज काही येत नाही.

म्हणून आवाज गेला की बाबांनी पहिलं हे करायचं. पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, आईचा तो भोंगा, म्हणजे स्पीकरचं चिन्ह, आहे. त्यावर एकदा टिचकी. आवाजाची पट्टी वर येते. पट्टीकडे बघू नका, पट्टीच्या वर जे नाव लिहिलंय ते वाचा. तिथे मॉनिटरचं किंवा 'स्पीकर्स' असं नाव असेल, तर शेजारच्या बारक्या बाणावर टिचकी मारा, यादी उघडेल, त्यातलं हेडसेटचं नाव निवडा. दहातल्या सात वेळा काम इथेच संपेल. (हा सातचा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, बाबा, कुठे छापून आलेला नाही.)

यादीत हेडसेटचं नावच नसेल तर दोष वायरीत किंवा खाचेत. तुम्ही तो पुढच्या खाचेत लावता, सीपीयूच्या तोंडाशी, कारण वाकायला नको. ती पुढची खाच आतून एका लांब वायरीने मदरबोर्डला जोडलेली असते आणि ती वायर सैल होते. मागच्या खाचा थेट बोर्डावरच असतात. दिवाळीत मी तो मागे लावून दिला होता, पण आईने झाडताना काढला असणार. एकदाच शेजारच्या मुलाला बोलावून मागे लावून घ्या आणि वायर टेबलाच्या पायाला सुतळीने बांधून टाका. आणि आई, सीपीयूवर घातलेलं ते विणलेलं कव्हर काढ. छान आहे, मान्य. पण गरम हवा बाहेर पडायच्या जाळीवर लोकरीची शाल पांघरलीयस तू.

दुसरं, वायरीवरची ती डबी. तिच्यावर आवाजाचं चाक आहे आणि बाजूला आवाज बंद करायचं बटण. बाबांच्या शर्टाच्या खिशातल्या पेनात ती अडकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डबी पेनावर घासली, बटण दाबलं गेलं, आणि पुढचा अर्धा तास बाबा कॉम्प्युटरला नावं ठेवत होते. कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी एकदा डबी बघा. बाकी काहीच जमलं नाही तर रीस्टार्ट करा. शटडाऊन नव्हे, रीस्टार्ट. शटडाऊन केल्यावर विंडोज सहसा पूर्ण झोपत नाही, आतलं बरंचसं तसंच जपून ठेवतं म्हणजे सकाळी लवकर उठता येईल. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्याने मांडतं.

आता आईचं गाऱ्हाणं. ते वेगळंच आहे, आणि मला ते सोडवायला दोन रात्री लागल्या. ओवीला तू कॉलवर गाणं शिकवतेस, तेव्हाचं. तू म्हणालीस, "कॉम्प्युटरवर तंबोरा लावला की छान वाजतो, पण ओवीचा फोन लागला की तो विहिरीत पडल्यासारखा होतो." अगदी बरोबर ऐकलंस. ही विंडोजची आगाऊ शिस्त आहे. कॉल सुरू झाला असं त्याला वाटलं की ते बाकीचे सगळे आवाज आपणहून 80 टक्क्यांनी कमी करतं, बोलणं नीट ऐकू यावं म्हणून. त्या बिचाऱ्याला काय माहीत की इथे तंबोराच मुख्य आहे. भोंग्यावर माऊसचं उजवं बटण दाबा, 'साऊंड्स' उघडा, वरच्या चार कप्प्यांतला शेवटचा 'कम्युनिकेशन्स'. तिथे चार गोल आहेत, सगळ्यात खालचा 'डू नथिंग'. तो निवडून 'ओके' करा. एकदाच करायचं.

तरीही ओवीला तंबोरा ऐकू येणार नाही. कॉलचं ॲप एकसुरी चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर समजतं आणि गाळून टाकतं. म्हणून तिच्या इथे तिचा वेगळा तंबोरा मी लावून देते, सूर काळी चारच ना? आणि ती तालात मागे पडते म्हणून तिला रागावू नकोस. तिचा आवाज तुझ्यापर्यंत पोचायला मधे क्षणभर जातो, दोघींनी एकत्र गायचं म्हटलं तर जमणारच नाही. तू म्हण, मग ती म्हणेल.

एक गंमत मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोरे करणाऱ्यांची ती अख्खी गल्ली आपल्यापासून रिक्षाने अर्ध्या तासावर, तुझा स्वतःचा तंबोरा तिथलाच, भिंतीला टांगलेला, आणि तू गातेस कॉम्प्युटरच्या तंबोऱ्यावर. जवारी काढून आण की एकदा, तारा पुन्हा नीट झंकारतील. "मशीनच्या तंबोऱ्यात सगळं आहे, तारेखालच्या दोऱ्याची करामत तेवढी नाही" हे तूच म्हणतेस.

आता बाबा, तुमच्याशी बोलायचंय. खरं म्हणजे पत्र लिहायला घेतलं ते यासाठीच.

तुम्ही म्हणता हेडसेटची डावी बाजू गेली. याच्या आधीच्याचीही डावीच गेली होती, आणि त्याच्या आधीच्याचीही. तीन हेडसेट, तिन्हींची डावीच बाजू. मी ऐकलं आणि सोडून दिलं. मग परवा आई सहज म्हणाली, "मला तर दोन्हीकडून येतंय बाई." तेव्हा डोक्यात काहीतरी हललं. गणपतीत आले होते तेव्हाची तुमची तक्रार आठवली. नाट्यसंगीताची नवी रेकॉर्डिंग लावली होती आणि तुम्ही म्हणालात, "हल्ली तबला कुठंतरी लांब ठेवतात, पूर्वी कसा अंगावर यायचा." मी मान डोलावली. घरी आल्यावर तेच रेकॉर्डिंग मी हेडफोन लावून ऐकलं. तबला लांब नाही, बाबा. तो डाव्या बाजूला आहे.

तर एक करा. हेडसेट उलटा घाला. डावा कप उजव्या कानावर, उजवा डाव्यावर. माईकची दांडी वेड्यासारखी भलतीकडे येईल, येऊ दे. तेच रेकॉर्डिंग लावा. आता उजव्या कानाला ऐकू येत नसेल तर हेडसेट खराब, मी उद्याच नवा पाठवते. पण अजूनही डाव्याच कानाला येत नसेल, तर कॉम्प्युटरकडे बघणं बंद करा. आई, तू समोर बस. बाबा "येतंय थोडंथोडं" म्हणतील, त्यावर जाऊ नकोस. डोळे मिटायला सांग आणि कुठल्या बाजूने आलं ते हाताने दाखवायला सांग.

घाबरायचं कारण नाही. नुसता मळ घट्ट झाला असेल तरी असं होतं, पाच मिनिटांचं काम असतं. मात्र घरी काडी, तेल, हेअरपिन काहीही नको. चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याच्या आरड्याओरड्यात काढलीत, तेव्हा तपासून घेतलेलं बरं. आणि हे हळूहळू होत आलं नसेल, एखाद्या सकाळी उठल्यावर एकदम कान गेल्यासारखं वाटलं असेल, तर तसं आईला आजच सांगा आणि आजच जा. एकाएकी गेलेल्या कानाला लवकर उपचार लागतात, मी येईपर्यंत थांबायचं नाही. मिरजेला कानाच्या डॉक्टरांना काय तोटा.

तोवर एक सोय आहे. सेटिंग्जमध्ये 'ईझ ऑफ ॲक्सेस', त्यात 'ऑडिओ', त्यात 'मोनो ऑडिओ'. ते चालू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखा येतो. डावीकडचा तबला उजव्या कानालाही ऐकू येईल. पण आधी उलटा हेडसेट, मगच हे. मोनो चालू केलंत की तबला परत येईल, मग तुम्ही डॉक्टरांकडे जाणार नाही. मी ओळखते तुम्हाला.

आणि बाबा, गेल्या वर्षभरात तुम्ही फोनवर "हो, हो" म्हणून विषय बदलायचात, तेव्हा मला वाटायचं तुमचं लक्ष नाही. तुम्ही फोन डाव्या कानाला लावता, माझ्या आता ध्यानात आलं. उजव्याला लावत जा.

आई, डॉक्टरांकडे तू बरोबर जा. त्यांच्या उजव्या बाजूला बस आणि डॉक्टर म्हणतील ते लिहून घे, नाहीतर घरी येऊन "काही नाही, वयोमान" एवढंच सांगतील. ओवीचा क्लास शनिवारी सहाला, त्याआधी शुक्रवारी रात्री मी फोन करते, तेव्हा 'डू नथिंग' झालं का ते बघू. कपाटातले ते दोन "बिघडलेले" हेडसेट टाकू नका, माझ्याकडे पाठवून द्या. पार्सल करतच आहात तर भडंग टाका त्यात, लसूण जास्त घातलेलं.

तुमची,
मनू